थंडीला न डरणाऱ्या पामला तहान उन्हाळ्यातच लागते

सिअ‍ॅटल-व्हँकुव्हरकडे अंगणात ट्रॅकीकार्पस पाम लावला असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये त्याला मनापासून पाणी द्या. हा मूळचा चीनचा. तिकडे आपल्यासारखाच उन्हाळी पाऊस पडतो आणि झाड तेव्हाच वाढतं. इथे मात्र सगळं उलटं: पाऊस हिवाळ्यात, आणि वाढीच्या ऐन दिवसांत माती कोरडी. काटक झाड म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. ते मरत नाही, पण वाढतही नाही, आणि ते बघून जीव हळहळतो.

रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा बुंध्याभोवती आळं करून वीस-पंचवीस लिटर पाणी सावकाश मुरू द्या. रेताड जमिनीत जास्त वेळा, चिकणमातीत बोट खुपसून ओल बघूनच. आळ्यात पालापाचोळा अंथरा, पण बुंध्याला चिकटू देऊ नका. कुंडीतल्या झाडाला कडक उन्हात रोजही पाणी लागतं.

फरक बघायचाय? मधल्या सुरळीवर, म्हणजे अजून न उघडलेल्या नव्या पानावर, आणि शेजारच्या पानाच्या देठावर एकाच उंचीवर पेनाने रेघ मारा. चांगलं पाणी मिळालं की सुरळीवरची रेघ काही दिवसांतच वर सरकलेली दिसते. सप्टेंबरअखेर हात आखडता घ्या. थंडीत शेंड्यात पाणी साचलं तर कोंब कुजतो.