पुण्याची आयटी नोकरी आणि रत्नागिरीतलं बिऱ्हाड
हिंजवडीची ऑफर आली की पहिल्यांदा सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च) बाजूला ठेवा आणि हातात येणारा पगार विचारा. त्यातून भाडं, डिपॉझिट, शाळेची फी, पाळणाघर वजा करा. गावच्या घरात तांदूळ-नारळ विकत घ्यावे लागत नसतील, तर पुण्यात होणारा तो खर्चही धरा. आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यायचं, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. तोंडी शब्दावर बिऱ्हाड हलवू नये. प्रोबेशन, म्हणजे नोकरीचा चाचणीचा काळ, संपेपर्यंत शक्यतो एकट्यानेच जा, मुलांना जूनमध्ये न्या. सगळ्यात अवघड प्रश्न आईबाबांचा. आंब्याच्या कलमांची फवारणी कोण बघणार, अपरात्री दवाखान्यात कोण नेणार? ‘शेजारी आहेत’ हे उत्तर पुरत नाही. माणूस ठरवा, त्याच्याशी आधी बोला.