मामाची ट्रान्सप्लांटची गोळी आणि मलेरिया: इम्युनिटी दाबणाऱ्या औषधांतून मलेरियाचं औषध शोधायला पीएचडीला येणाऱ्यांसाठी थोडं

इंटरव्ह्यूला मला पहिलाच प्रश्न आला, "मलेरिया झालेल्या माणसाला तू इम्युनिटी दाबणारं औषध देणार? का?" मी एमएस्सी नुकतीच झालेली, डोंबिवलीहून फास्ट लोकलमध्ये चेंगरून आलेली, बोलून गेले की "डोस कमी ठेवू सर". पॅनेल हसलं. उत्तर होतं की देणारच नाही! मूळ औषध रुग्णाला द्यायचंच नाहीये, त्यातून असा भाऊबंद रेणू काढायचाय जो परजीवीला मारेल पण आपल्या टी-सेल्सना, म्हणजे इम्युनिटीच्या पेशींना, हात लावणार नाही. तरी घेतलं त्यांनी मला, का ते अजून कळलं नाहीये.

माझ्या मामाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, सकाळ संध्याकाळ टॅक्रोलिमसची गोळी, मामी घड्याळ लावून देते. त्याच्याच आधीच्या पिढीतलं सायक्लोस्पोरिन. हे पेशीत शिरून सायक्लोफिलिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं आणि मग ती जोडी कॅल्सिन्युरिन नावाच्या एन्झाइमवर जाऊन बसते, त्यामुळे टी-सेलला आयएल-२ (टी-सेल्सना कामाला लावणारं प्रोटीन) बनवायचा निरोप जात नाही आणि शरीर नव्या किडनीवर तुटून पडत नाही. आता गंमत अशी की सायक्लोस्पोरिन मलेरियाच्या परजीवीलाही मारतं हे १९८१ सालीच छापून आलंय. रेणूची एक बाजू सायक्लोफिलिनला धरते आणि दुसरी कॅल्सिन्युरिनला, केमिस्ट लोक ही दुसरी बाजू बदलतात. अलिस्पोरिविर असंच बनवलेलं, इम्युनिटी न दाबणारं, ते मात्र हिपॅटायटिस सी साठी.

पण "टार्गेट माहितीये", म्हणजे औषध परजीवीत नेमकं कशावर बसतं ते माहितीये, असं छातीठोकपणे बोलू नका. रॅपामायसिन हे इम्युनिटी दाबणारं आणखी एक औषध, ते आपल्या पेशीत एमटॉर नावाच्या प्रोटीनवर काम करतं, प्लाझ्मोडियममध्ये, म्हणजे मलेरियाच्या परजीवीत, ह्या टॉरचं जीनच नाही, आणि तरीही डोस वाढवला की परजीवी मरतो. म्हणजे तो कशाने मेला हे वेगळं शोधावं लागतं, त्यात वर्षं जातात.

लॅबमध्ये आल्यावर पहिले तीन महिने मात्र यातलं काहीच करत नाही आपण. फॅल्सिपेरम, म्हणजे प्लाझ्मोडियमची आपण वापरतो ती जात, वाढवायला शिकायचं. ताजं ओ पॉझिटिव्ह रक्त धुवायचं, आरपीएमआय मीडिया (पेशींचं खाद्य), ३७ डिग्री, कॅण्डल जार (आत मेणबत्ती लावून ऑक्सिजन कमी केलेली बरणी), परजीवीचं ४८ तासांचं सायकल, रोज गीम्सा स्टेनची स्लाइड आणि शंभरच्या लेन्सखाली हजार आरबीसी मोजायच्या. पहिल्या आठवड्यात मी स्टेनचा कचरा परजीवी म्हणून मोजत होते. सगळे एका वयाचे हवे असतील तर ५ टक्के सॉर्बिटॉल द्या, मोठे झालेले फुटतात, रिंग्ज, म्हणजे अंगठीसारखे दिसणारे छोटे परजीवी, उरतात. आणि फ्रीझ करायचे तर रिंग्जच करा, मोठे परजीवी थॉ केल्यावर धड येत नाहीत. हे आधी करून ठेवा कारण जुलैमध्ये एक दिवस असा येतोच की कुर्ला-सायनला पाणी भरलंय, हार्बर बंद, सेंट्रल पण बंद आणि तुमचं कल्चर तिकडे कालच्या मीडियात आंबतंय. माझं पहिलं असंच गेलं.

आता खरं सांगायचं ते. दुसऱ्या वर्षी आमच्याकडे सायक्लोस्पोरिनची काही डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे थोडी बदललेली रूपं, आली, त्यातलं एक फारच भारी निघालं, मूळ औषधापेक्षा कमी डोसमध्ये परजीवी साफ. मी पाच महिने त्याच्यावरच बसले, ग्राफ काढले, कॅन्टीनमध्ये सगळ्यांना वडापाव खिलवले. टी-सेलची टेस्ट "नंतर करू" म्हणून ठेवलेली कारण ती दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन करायची होती आणि मला कंटाळा. केली तेव्हा आयएल-२ मूळ औषधाइतकंच खाली! म्हणजे मी पाच महिने मामाच्या गोळीसारखंच इम्युनिटी दाबणारं औषध नव्या नावाने तपासत होते. आणि हे नुसतं कागदावरचं नुकसान नाही, स्ट्राँगिलॉइडिस पोटात असलेल्या माणसाला स्टिरॉइड दिलं तर तो कृमी अंगभर पसरून माणूस दगावू शकतो. परजीवी आणि दबलेली इम्युनिटी यांचं गणित असं आहे.

म्हणून परजीवी मरतोय असं पहिल्यांदा दिसलं की त्याच आठवड्यात टी-सेल बघा, आणि जोडीला एखादी साधी मानवी सेल लाइन (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशी), म्हणजे ते नुसतंच सगळ्यांना मारणारं विष आहे का तेही कळेल. डीएमएसओचा, म्हणजे औषध ज्यात विरघळवतो त्या नुसत्या द्रवाचा, कंट्रोल प्रत्येक प्लेटमध्ये. आणि हो, सायक्लोस्पोरिन प्लॅस्टिकला चिकटतं, पातळ डायल्यूशन ट्यूबमध्ये रात्रभर ठेवून सकाळी वापरलंत तर तुम्ही नक्की किती डोस दिला हे तुम्हालाच माहीत नसतं. हे मला आमच्या लॅबच्या काकांनी सांगितलं, कुठल्या प्रोटोकॉलमध्ये नव्हतं.

पैशाचं विचारतातच सगळे. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ फेलोशिप असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं, प्रोजेक्टवर असाल तर आधी विचारून घ्या. मुंबईत त्यात लॅबजवळ घर मिळणं अवघड, पण दोघीतिघी मिळून बघा, निदान पावसाळ्यापुरतं. मी आता तेच केलंय.

ते भारी डेरिव्हेटिव्ह अजून फ्रीझरमध्ये आहे, डब्यावर माझ्याच अक्षरात "बेस्ट" लिहिलेलं. आमची ज्युनिअर दर वेळी डबा काढला की माझ्याकडे बघून हसते.