उसाचं वाडं कमी करून गाईला दुसरी वैरण कशी लावायची

बेळगाव जिल्ह्यात चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणीकडं साखर कारखाने सुरू झाले की गोठ्यात नुसतं वाडंच वाडं (उसाचे हिरवे शेंडे), कारण स्वस्तात मिळतंय आणि गाय पोटभर खाते. पण वाड्यात ऑक्झलेट असतंय, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, प्रोटीन तर कमीच, त्यामुळं तीन-चार महिने त्याच्यावरच काढलेली दुभती गाय खंगते, माजाला पण उशीर करते. वाडं बंद करा म्हणत नाही, निम्म्यावर आणा.

बरेच जण वाड्याऐवजी नेपिअर गवत लावतात आणि काम झालं समजतात. धारवाडच्या चारा संशोधन केंद्राची डीएचएन-६ चांगली जात आहे, लावा, ४०-४५ दिवसांनी कापा, जास्त ठेवलं तर ताटं दांडगी होतात आणि गाय पानं खाऊन बाकीचं गव्हाणीत ठेवते. पण ऑक्झलेट नेपिअरमध्येही असतंयच, म्हणून जोडीला द्विदल पाहिजेच पाहिजे. दोन भाग नेपिअर किंवा मका, एक भाग द्विदल. पावसाळ्यात मक्यात चवळी टाका, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लसूणघास पेरा, बांधावर शेवरी नाहीतर दशरथ घास. लसूणघास कोवळा ओला एकदम पोटभर घालू नका, पोट फुगतं, जरा सुकवून कुट्टीत (बारीक कापलेल्या वैरणीत) मिसळून द्या. आणि मिनरल मिक्श्चर रोज ५० ग्रॅम, ते चुकवू नका.

ज्वारीच्या कोवळ्या वैरणीला मात्र जपा. फुलोऱ्याआधी, त्यातही पाण्याचा ताण बसलेली किंवा कापल्यावर परत फुटलेली खाल्ली तर गाईला विषबाधा होते, जीव जातो. फुलोऱ्यात आल्यावरच कापा.

उन्हाळ्यासाठी मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) सगळ्यात भरवशाचा. कणसात दाणा चिकात असताना कापा, कुट्टी करा आणि मूठभर घट्ट दाबून बघा. पाणी गळलं तर अजून ओली, थोडी सुकवा, मूठ उघडल्यावर लगेच विस्कटली तर जास्त सुकली, गोळा हळूहळू सुटत असेल तर बरोबर. मग बॅगेत थर थर घालून तुडवायचं, हवा राहिली की बुरशी आलीच. ४५ दिवसांनी उघडा, आंबूस-गोडसर वास आला पाहिजे, काळा-पांढरा बुरसलेला भाग फेकून द्या, गाभण गाईला तर अजिबात नको.

खानापूरकडच्यांनी भाताचं पिंजर युरियानं सुधारून घ्यावं. १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडा, ताडपत्रीनं घट्ट झाकून २१ दिवस ठेवा, घालायच्या आधी तासभर पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नका, आणि युरियाचं पाणी किंवा पोतं जनावराच्या तोंडाला लागेल असं कुठंच ठेवू नका.

कुठलीही नवी वैरण ८-१० दिवसांत वाढवत न्या, एकदम बदललं की गाय हगवते, दूध उतरतं.