'गॅस संपलाय, भरून द्या': एसी आणि गिझरच्या या चुका टाळा

शिमगा झाला की माझा फोन सकाळी सातलाच वाजायला लागतो. पलीकडून बहुतेक वेळा एकच वाक्य येतं, "एसीतला गॅस संपलाय, पोरगं पाठवा भरायला." मी विचारतो, फिल्टर कधी धुतला होता? मग पलीकडे सगळं चिडीचूप.

एसीतला गॅस संपत नसतो हो. तो काय स्कूटरमधलं पेट्रोल आहे जळून जायला? कॉपरच्या बंद नळीत तोच तो गॅस फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि परत येतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस मारणं म्हणजे पंक्चर न काढता रोज हवा भरणं.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका फ्लॅटमध्ये गेलो होतो. काका रिटायर्ड, कागदपत्रं जपणारे. त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून तीन वर्षांची तीन बिलं काढून टीपॉयवर मांडली. तिन्ही मार्च महिन्यातली, तिन्हीवर लिहिलेलं 'गॅस चार्जिंग'. दरवर्षी कोणीतरी यायचं, गॅसचा दाब मोजणारं गेज लावायचं, गॅस मारायचं, गार हवा सुरू झाली की पैसे घेऊन जायचं. पावसाळ्यात एसी बंद, हिवाळ्यात बंद, आणि उन्हाळा आला की पुन्हा कोमट वारा.

मी गेज पिशवीतून काढलंच नाही. गॅलरीतल्या आऊटडोअरजवळ, म्हणजे एसीच्या बाहेरच्या मशीनजवळ बसलो आणि कॉपरची नळी जिथं व्हॉल्व्हला जोडतात त्या फ्लेअर नटाखालून अंगठा फिरवला. काळा, चिकट डाग आला. अंगठा काकांसमोर धरला. गॅस गळतो तेव्हा गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. हा डाग दिसायला टॉर्चसुद्धा लागत नाही, खाली वाकावं लागतं एवढंच. वहिनींकडून वाटीत भांड्यांच्या साबणाचं पाणी घेतलं, जुन्या ब्रशनं नटाला लावलं. आधी काहीच नाही. मग ज्वारीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा हळूहळू फुगला. फुटला. दुसरा आला.

नट ढिला नव्हता. उलट कोणीतरी पान्यावर अंगाचा भार टाकून इतका आवळला होता की आतल्या कॉपरच्या फ्लेअरला, म्हणजे नळीच्या पसरवलेल्या तोंडाला, चीर गेली होती. नळी कापली, नवा फ्लेअर मारला, त्याला कॉम्प्रेसर ऑइलचं बोट लावलं आणि बेताचं आवळलं. मग गळती थांबली का ते बघायला नायट्रोजन भरून तासभर गेजचा काटा बघत बसलो. काटा हलला नाही तेव्हा व्हॅक्युम पंप लावून नळीतली हवा खेचून काढली आणि मशीनवरच्या पट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून सोडला. सगळी सकाळ गेली. काका म्हणाले, "आधीचं पोरगं वीस मिनिटांत उरकून जायचं की वो." म्हटलं, "म्हणून तर दरवर्षी यायचं."

नवी पोरं व्हॅक्युम पंप घ्यायलाच तयार नसतात. थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून देतात आणि झालं म्हणतात. नळीत दमट हवा राहिली की ते पाणी तेलात मुरतं आणि कॉम्प्रेसर आतून झिजत जातो. तो मरतो वॉरंटी संपल्यावर, त्यामुळे पाप कोणाच्याच नावावर लागत नाही. शिवाय हल्लीच्या एसीतला आर-३२ गॅस थोडा पेट घेणारा आहे, तो असा खोलीत सोडायचा नसतो. माझ्या पोरांना एकच नियम आहे, वजनकाटा विसरला तर अर्ध्या वाटेवरून परत.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, पाण्याची धार मागच्या बाजूनं सोडा आणि सावलीत वाळवा. गार हवा येईना म्हणून आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी तिथंच मिटतात, आणि मला ते काम बुडाल्याचं दुःख नाही.

साधा, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर नसलेला एसी १८ वर ठेवून खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर त्याच वेगानं चालतो, फक्त थांबत नाही. २०२० पासूनचे एसी सुरू होताना २४ वरच येतात, ते उगाच नाही.

दहा बाय दहाच्या खोलीला दोन टन घेऊ नका. दुकानदार काहीही म्हणो. मोठं मशीन पटकन गार करून बंद पडतं, दमटपणा तसाच राहतो. जूनमध्ये चादरी ओलसर लागतात त्या यामुळंच. एवढ्या खोलीला एक टन पुरे. वरच्या मजल्यावर स्लॅब तापत असेल तर दीड.

पुराचं थोडं वेगळं आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी ३९ फुटांना, म्हणजे इशाऱ्याला टेकली की नदीकाठच्यांनी तळमजल्यावरच्या आऊटडोअरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, पाडावा. धोक्याच्या ४३ ची वाट बघायची नाही. २०२१ च्या पुरानंतर एका गिऱ्हाइकानं बुडालेलं मशीन दोन दिवस उन्हात वाळवलं आणि चालू केलं. गाळ पीसीबीत, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डात होता, उन्हानं तो कसा निघणार? फट्ट. आधी उघडून धुवायला द्या.

आता ज्या विषयावर मी भांडतो तो, गॅस गिझर. डिसेंबरमध्ये कसबा बावड्यातल्या एका घरी 'ज्योत पिवळी येते' म्हणून बोलावणं आलं. बाथरूममध्ये शिरलो तर वरच्या झडपेत प्लायवूडचा तुकडा ठोकलेला. विचारलं तर म्हणाले, गार वारं येतंय. घरातल्या वहिनींना आठवडाभर अंघोळीनंतर चक्कर येत होती आणि घरचे पित्तावरच्या गोळ्या देत होते. पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आधी गुंगतो आणि मग उठत नाही. प्लायवूड मी तिथंच उपटला. "थंडी वाजंल की," म्हणाले. म्हटलं, वाजू दे.

तेव्हापासून बाथरूमच्या आत मी गॅस गिझर बसवत नाही. गॅलरीत किंवा मोकळ्या हवेच्या पॅसेजमध्ये बसवा, पाइप आत न्या. आधीच आत असेल तर बादली भरा, गिझर बंद करा, मगच दार लावून अंघोळ करा. यावर बरीच गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली, जाऊ देत.

इलेक्ट्रिक गिझरचं थोडक्यात सांगतो. दोन किलोवॅट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर, त्याला सहाचा सॉकेट वितळतोच. टाकीत पाणी भरण्याआधी बटण दाबलं की पाणी तापवणारं एलिमेंट गेलं. आणि बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा खोलून खार काढून घ्या, तेव्हाच टाकीऐवजी स्वतः गंजणारी आतली मॅग्नेशियमची कांडी बघा. ती झिजून संपली असेल तर पुढचा नंबर टाकीचा.

शेवटची चूक अपग्रेड करणाऱ्यांची. जुना आर-२२ गॅसचा एसी काढून नवा आर-३२ चा घेतात आणि म्हणतात, भिंतीतली नळी तीच राहू दे, उगाच पीओपी फोडायला नको. नव्या गॅसचा दाब जुन्याच्या दीडपटीहून जास्त, आणि जुन्या नळीत चिकटलेलं तेल नव्या कॉम्प्रेसरला चालत नाही. नळीचे पैसे वाचवून कॉम्प्रेसर घालवलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. त्यातला एक माझा मेहुणा. त्याला तर मी फुकटात सांगितलं होतं.