मुलांसाठी बिल्डिंग किट घेताना या चुका टाळा

दुकानात आपण किट निवडतो ते खोक्यावरचा फोटो बघून, आणि तिथेच पहिली चूक होते. फोटोतली क्रेन एकदा उभी राहिली की पुढे काय? एका मॉडेलपुरते घडवलेले भाग असतील तर पुढे काहीच नाही, ती क्रेन शोकेसमध्ये जाते. भोकांच्या पट्ट्या, चाकं, साधे ठोकळे असे एकमेकांत कसेही बसणारे भाग ज्यात जास्त, ते किट घ्या. सुटे भाग वेगळे विकत मिळतात का, हेही दुकानदाराला विचारून ठेवा, कारण पहिले चार नट सोफ्याखाली जाणारच.

दुसरी चूक हौसेची. ‘आमची खूप हुशार आहे, मोठ्यांचंच द्या.’ खोक्यावरच्या ‘3+’चा हुशारीशी काही संबंध नाही, तो इशारा घशात अडकणाऱ्या तुकड्यांसाठी असतो. चाचणीत 31.7 मिमी व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात. त्यात अख्खा मावणारा सुटा भाग तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही. लेगोचे डुप्लो ठोकळे लांबी-रुंदी-उंचीला दुप्पट ठेवलेत ते लहान हातांसाठीच. शिवाय ते पुढे साध्या लेगोवर बसतात, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

बटण सेल (नाण्यासारखे छोटे चपटे सेल) आणि छोटे ताकदवान चुंबक यांच्या बाबतीत मात्र मी अजिबात सूट देणार नाही. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला चिमटीत धरतात. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल तर ते खेळणं परत ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळालं तरी तो शोधाच.

आता घरी आणल्यावरची रडारड. धातूच्या पट्ट्यांच्या किटमध्ये हमखास येणारी तक्रार म्हणजे शेवटची भोकं जुळत नाहीत. पट्टी वाकडी नसते. पहिलाच नट पान्यानं गच्च आवळलेला असतो, त्यामुळे बाकीच्या पट्ट्यांना सरकायला जागाच उरत नाही. सगळे नट आधी बोटांनी सैल लावा, चौकट उभी राहू द्या, मग एकेक आवळत जा. चाक फिरत नसेल तर त्याचा नट जरा सैल करून त्यावर दुसरा नट चढवा आणि दोन पान्यांनी दोन्ही एकमेकांवर घट्ट करा. मग चाकही फिरतं आणि नटही पडत नाही. मोटर उलटी फिरते? दोन वायरींची अदलाबदल करा. एलईडी लागत नाही? लांब पाय प्लसला हवा. आणि तो थेट 9 व्होल्टच्या बॅटरीला लावू नका, मध्ये रेझिस्टर (वीजप्रवाह कमी करणारा छोटा भाग) हवाच, नाहीतर एलईडी जळतो.

हे सगळं मुलाला सांगा, करून देऊ नका. बाबांनी पाना हातात घेतला की मूल प्रेक्षक होतं. (बाबांना मजा येत असेल तर त्यांच्यासाठी वेगळं किट घ्या, हे मी गंमत म्हणून सांगत नाही.)

किट महागच हवं हाही गैरसमज. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात, खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. त्यातलं काडेपेटीच्या काड्यांचं मेकॅनो घरी सहज जमतं. मोठ्यांनी काड्यांचं गुल आधी खरवडून टाकायचं. सायकलची वॉल्व्ह ट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी, आणून तिचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे कापायचे आणि दोन्ही टोकांतून काड्या खुपसायच्या की सांधा तयार. एका तुकड्याला मधोमध भोक पाडून तिसरी काडीही घालता येते. त्रिकोण कितीही दाबला तरी हलत नाही. चौकोन मात्र बोट लावताच लवंडतो, तो ताठ करायला काडी कुठे लागेल हे मुलालाच विचारा.