वर्गात हवामान परिषद कशी भरवावी

पहिल्या वर्षी मी फळ्यावर जगातल्या देशांच्या हवामान परिषदांची यादी लिहिली: १९९२ रिओ, १९९७ क्योटो, २००९ कोपनहेगन, २०१५ पॅरिस. पोरांनी उतरवून घेतली, चाचणीत बरोबर लिहिली आणि आठवड्यात विसरली. दुसऱ्या वर्षी यादी सोडली नि वर्गातच परिषद भरवली. तेव्हापासून दरवर्षी भरवते. तुम्हाला करायची असेल तर जोड तासिका मागून घ्या आणि मार्चच्या आत उरका. एप्रिलात सोलापूरच्या पत्र्याखाली दुपारी कुणी पृथ्वीची काळजी करायला राजी नसतं.

सुरुवात नळापासून करा. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. मुलांना विचारा, गल्लीत आधी कोण भरतं? उत्तर ठरलेलं: नळाला मोटार लावलेला. त्याची टाकी भरते, हौद भरतो, गाडी धुऊन होते, तोवर शेवटच्या घरी नळ नुसता फुसफुसतो. आणि उन्हाळ्यात तोच माणूस बैठक बोलावून म्हणतो, आता सगळ्यांनी सारखीच काटकसर करू या. शेवटच्या घरातली पोरं इथे उसळतात. उसळू द्या. रिओच्या करारातलं ‘जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही’ हे तत्त्व मग वेगळं समजवावं लागत नाही.

आता चिठ्ठ्या टाकून गट करा: अमेरिका, युरोप, रशिया, सौदी अरेबिया, भारत-चीन, आणि तुवालू, म्हणजे प्रशांत महासागरातला चिमुकला बेटांचा देश. तुवालूला मुलं तीनच द्या, पण खमकी द्या. एका वर्षी त्या गटात सोलापूरच्या पूर्व भागातली एक मुलगी आली. घरी तेलुगू, शाळेत मराठी. दुसऱ्याच्या भाषेत भांडायचं कसं, हे तिला बाकी वर्गापेक्षा जास्त ठाऊक होतं.

नियम एकच: मतदान नाही. १९९५ मध्ये बर्लिनला रिओच्या करारातल्या देशांची पहिली परिषद झाली (अध्यक्ष होत्या जर्मनीच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल), तेव्हा मतदानाच्या नियमावर एकमत झालं नाही, ते अजून झालेलं नाही. म्हणून सगळं सर्वसहमतीने. एकाने हात वर केला की गाडी अडली. पहिली दहा मिनिटं पोरांना अडवण्यातच मजा येते, मग कंटाळतात. कंटाळल्यावरच खरी बोलणी सुरू होतात. अध्यक्षाचा हातोडा म्हणून डस्टर तुमच्या हातात ठेवा, पण जपून वापरा. २०१० मध्ये कान्कुनला बोलिव्हियाचा विरोध असतानाही अध्यक्षांनी हातोडा आपटून ठराव मंजूर केला होता. ही सवलत एकदाच.

क्योटोची फेरी गणिताची. तिथल्या करारात श्रीमंत देशांनी २००८ ते २०१२ या काळात हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन १९९० च्या मानाने सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास कमी करायचं कबूल केलं. पण त्याआधीच, जुलै १९९७ मध्ये, अमेरिकी सिनेटने, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, ९५ विरुद्ध ० मतांनी बजावलं होतं की विकसनशील देशांना बंधन नसेल तर आम्हीही नाही. करार लागू व्हायला ५५ देश हवे होते, शिवाय विकसित देशांच्या १९९० च्या कार्बन डायऑक्साइडमधला ५५ टक्के वाटा. फळ्यावर १०० लिहा, अमेरिकेचे ३६ वजा करा, मग रशियाचे १७ वजा करा. उरतात ४७, म्हणजे ५५ ला कमी; अमेरिका बाहेर राहिली की रशियावाचून करार लागूच होत नाही. रशियाच्या गटातलं पोरगं इथे एकदम ताठ बसतं. खऱ्या रशियानेही होकारासाठी २००४ च्या नोव्हेंबरपर्यंत ताटकळत ठेवलं, आणि करार फेब्रुवारी २००५ मध्ये लागू झाला.

कोपनहेगन झटपट उरका. पाच देशांनी आत बसून मसुदा केला, पण सभेने तो मंजूर केला नाही, फक्त त्याची ‘नोंद घेतली’. खड्ड्याचा अर्ज केलेल्या घरातल्या मुलांना याचा अर्थ सांगावा लागत नाही.

इथून पुढे भूगोल बाजूला ठेवा आणि व्याकरण शिकवा. पॅरिसला शेवटच्या घटकेला मसुद्यात विकसित देश कपात ‘करतील’ असं आलं. ‘करावी’ हवं होतं, कारण ‘करतील’ म्हटलं की बंधन आलं आणि अमेरिकेत प्रकरण सिनेटकडे गेलं असतं. ती लिहिण्यातली चूक ठरवून शब्द बदलला, आणि १२ डिसेंबर २०१५ ला हातोडा पडला. दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहा, गटांना भांडू द्या. मराठीच्या बाईंना बोलावता आलं तर फारच छान.

ग्लासगो, २०२१: कोळसा टप्प्याटप्प्याने ‘बंद’ की ‘कमी’? शेवटच्या क्षणी भारताने ‘कमी’ मागितलं आणि तेच राहिलं. अध्यक्ष आलोक शर्मा यांनी सभेची माफी मागितली, त्यांना शब्द फुटेना. आमच्या वर्गात हे जास्तच पेटतं. आहेरवाडीचं १३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र सगळ्यांना ठाऊक असतं, आणि यंत्रमागवाल्यांची पोरं विचारतात, बंद केलं तर माग कशावर चालणार? प्रश्न रास्त आहे, दाबू नका. ग्लासगोत बेटांचे देश चिडले, पण करारच मोडेल म्हणून गप्प बसले.

माझी तुवालूवाली गप्प बसली नाही. घंटा झाली, गणिताचे सर दारात उभे, आणि तिचा हात वरच. त्यांची दहा मिनिटं गेली. डर्बनला २०११ मध्ये दीड दिवस जादा लागला होता, तेव्हा पुढच्या तासिकेच्या सरांना आधीच सांगून ठेवा.