कपेंटाची वाढ मोजायला निघताना: आधी शिसपेन्सिल

शिसपेन्सिली घ्या. दोन नव्हे, सहा. बाकीचं सामान नंतर बघू.

गेल्या खेपेला झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरच्या करिबा सरोवरावर मी चाळीस बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीवर मोठ्या ऐटीत ‘पर्मनंट’ मार्करनं तारीख आणि ठिकाण लिहिलं. आत कपेंटा मासे आणि अल्कोहोल. रात्रभर लाटा लागल्या, दोन-तीन झाकणं पाझरली आणि किनाऱ्याला येईतो सतरा बाटल्यांवर नुसते निळे ओघळ उरले. मासे ठणठणीत, पण कुठल्या दिवशीचे ते देव जाणे. माशाच्या कानातल्या खड्यावरची, म्हणजे ओटोलिथवरची वलयं (साधारण रोज एक पडतं) मोजून मासा नव्वद दिवसांचा निघाला, तर पकडल्याच्या तारखेतून नव्वद दिवस मागे जायचं. तेव्हा कुठे तो थंडीत वाढला की पावसात ते कळतं. तारीखच नाही तर मागे जायचं कुठून? पेन्सिलीतलं शिसं, म्हणजे ग्रॅफाइट, अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. म्हणून शिसपेन्सिल, जाड कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठी बाटलीच्या आत. बाहेर हवं तर शोभेला लिहा.

ज्यांना हा मासा माहीत नाही त्यांच्यासाठी: कपेंटा म्हणजे आपल्या तारलीची गोड्या पाण्यातली भावकी. मूळचा टँगानिका सरोवराचा, तिथून आणून १९६७-६८ मध्ये करिबात सोडला. टँगानिकात तो पंधरा सेंटीमीटरच्याही पुढे जातो, करिबात जाळ्यात येणारा बहुतेक बोटभर. त्यामुळे टँगानिकाचे आकडे उचलून करिबाला चिकटवू नका. झांबिया आणि झिम्बाब्वे दोघांनाही किती रिगना, म्हणजे कपेंटा पकडणाऱ्या तराफ्यांना, परवाने द्यायचे हे ठरवायचं असतं. वाढ जास्त धरलीत तर मासा भराभर भरून निघतो असं कागदावर दिसतं आणि परवाने वाढतात.

अल्कोहोल ९५ टक्क्यांचं घ्या. फॉर्मेलिन कुणी फुकट दिलं तरी नको. त्यातल्या आम्लानं खडे झिजतात, विरघळूनही जातात. एका दिवसानं अल्कोहोल बदला, कारण माशातलं पाणी उतरून ते पातळ होतं. बदलताना चिठ्ठी बाहेर काढून ठेवाल आणि भलत्याच बाटलीत घालाल, तेवढं करू नका. एका वेळी एकच बाटली उघडा.

मोजपट्टी, कॅलिपर, चिमटे, सुया, हेडटॉर्च, मलेरियाच्या गोळ्या: हे सांगायला नको. थर्मामीटर मात्र सांगतो. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉलींच्या १९८० च्या समीकरणात नैसर्गिक मर (मासेमारीशिवाय किती मासे मरतात ते) काढायला वाढीच्या आकड्यांबरोबर पाण्याचं तापमानही लागतं. आणि आपल्याकडे आषाढ असतो तेव्हा तिथे थंडी, पाऊस नोव्हेंबर ते मार्च. ‘सरासरी’ म्हणून एकच आकडा ठोकून देऊ नका.

लांबी कुठली मोजणार ते निघण्याआधी ठरवा. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत, शेपटीच्या बेचक्यापर्यंत, की शेपटीच्या मुळापर्यंत? पाच सेंटीमीटरच्या माशात चार-पाच मिलिमीटर म्हणजे महिनाभराची वाढ इकडची तिकडे. ठरलं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा (कशानं, ते आता विचारू नका). मासा ताजा असतानाच मोजा. रिगवाले लगेच मीठ लावतात, सकाळी जाळीच्या चौकटींवर वाळत घालतात, सुकटीसारखा तो आखडतो. त्यांच्याशी आदल्या दिवशी बोला, एक घमेलं मीठ लावण्याआधी बाजूला काढायला सांगा आणि त्याचे पैसे द्या. घमेल्यातले बारके-मोठे निवडत बसू नका, सगळं मोजा.

मासेमारी रात्री, दिव्याखाली, खाली सोडून उचलायच्या जाळ्यानं. चांदण्यात दिव्याला मासा नीट येत नाही, म्हणून पौर्णिमेचा आठवडा हिशेबात धरा. मी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर गुंडाळून नेलं होतं. तिथी बघून कामाच्या रात्री ठरवतो म्हटल्यावर रिगवाले हसले, पण दुसऱ्या महिन्यात तेच विचारायला आले. दिव्याच्या जाळ्यात बारकी पिल्लं येत नाहीत, हे लक्षात ठेवा. ती उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ. ती नसतील तर वाढीच्या वक्ररेषेचा पायाच नसतो आणि संगणक आपल्या मनानं काहीतरी भरून देतो. किनाऱ्यावर बारीक जाळं ओढायची परवानगी वेगळी काढा. संध्याकाळनंतर पाण्यात पाय घालू नका. मगरी आहेत, पाणघोडे आहेत, तुमच्या प्रबंधाशी त्यांना देणंघेणं नाही.

दर महिन्याला जा. एक महिना चुकला की लांबीच्या आलेखावरचे उंचवटे (एका वेळी जन्मलेल्या माशांचे गट) पुढे सरकताना दिसत नाहीत; त्यात हा मासा वर्षभर थोडाथोडा वितो, उंचवटे आधीच एकमेकांत मिसळलेले. म्हणूनच नुसत्या लांबीवर विसंबू नका, खडे काढा. वलय रोज एकच पडतं हे गृहीत धरू नका, काही माशांवर खूण करून तपासा. दोघांनी मोजा, एकमेकांचे आकडे न बघता.

पुढे घासणं, स्लाइड, सूक्ष्मदर्शक, ते शिकलाच आहात. एलेफान, म्हणजे लांबीच्या आकड्यांवरून वाढ काढणारी संगणकी पद्धत, चालवा, एकाच उत्तरावर खूश होऊ नका, सुरुवातीचे आकडे बदलून परत चालवा.

परतताना इतक्या कडक अल्कोहोलच्या बाटल्या विमानात सहसा घेऊ देत नाहीत. खडे तिथेच काढा, कोरडे करून छोट्या कुप्यांत भरा. कुपीतही चिठ्ठी, शिसपेन्सिलीनं. कुपी फार लहान असेल तर चिठ्ठी लहान कापा, पण आतच.